एकट्याने वेगळं वागून समाज सुधारतो का? (इमर्सन, थोरो आणि कंपनी)

निर्विकार
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकतो.

अमेरिकी विचारवंत इमर्सनचा आत्मनिर्भरतेवरचा निबंध (१८४१) परत वाचला. ज्याला खरा माणूस व्हायचंय त्याने चाकोरी मोडलीच पाहिजे, हे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात ते त्यातलंच. निबंध दमदार आहे, वादच नाही. पण तिथेच हे गृहस्थ विचारतात, सगळ्या गरिबांची सोय लावणं माझं कर्तव्य म्हणता, पण ते काय 'माझे' गरीब आहेत? वर कबुली, की कधीकधी भिडेखातर डॉलर देतो, पण तो डॉलर पापाचा. गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यालाही टोमणा आहे: दूर बार्बाडोसमधल्या लोकांचा कळवळा येतो, मग घरच्या लाकूडतोड्याशी जरा प्रेमाने वाग की. थोडक्यात, लष्करच्या भाकऱ्या भाजू नका.

आता त्या काळात प्रत्यक्ष काम कोण करत होतं? गॅरिसन हा पत्रकार १ जानेवारी १८३१ पासून 'लिबरेटर' हे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक चालवत होता. बायका दारोदार फिरून अर्जांवर सह्या घेत होत्या. अर्जांचा इतका पाऊस पडला की १८३६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाने ठरावच केला, गुलामगिरीवरचा अर्ज आला की बाजूला ठेवायचा, चर्चा नाही. १८४४ पर्यंत तो टिकला. म्हणजे वर्गण्या, सभा, सह्या, अहवाल. इमर्सनला ज्याचा कंटाळा, नेमकं तेच.

माझं मत: अमेरिकेतल्या सुधारणांचं श्रेय एकट्या बाणेदार माणसाला उगाच मिळतं. काम संघटनेने झालं. तुम्हाला काय वाटतं?

पॉपकॉर्नबाबा
पहिला! बसलो आहे.

तिरकस
इमर्सनचा लेखक-मित्र थोरो, त्याच्याबद्दल आदर आहे, पण वॉल्डन तळ्याकाठी जंगलात 'एकटा' राहणारा हा माणूस अधूनमधून गावात आईकडे जेवायला जायचा. झोपडी इमर्सनच्या जमिनीवर. तुरुंगवास एका रात्रीचा, तोही डोईपट्टी (माणशी कर) थकवली म्हणून, आणि कोणीतरी परस्पर पैसे भरून सोडवला. आमच्या सोसायटीतले एक काका कित्येक वर्षं मेंटेनन्स भरत नाहीत. त्यांनाही थोरो म्हणायचं का? (दिवे घ्या)

मनवा
@तिरकस, काकांना विचारा, निदान जिन्यातल्या दिव्याचे तरी देतात का. थोरो रस्तापट्टी भरत होता. स्वतःच लिहिलंय त्याने: रस्तापट्टी कधी नाकारली नाही, कारण मला जितकं वाईट प्रजाजन व्हायचंय तितकंच चांगला शेजारी व्हायचंय. थकवली ती डोईपट्टी. गुलामगिरी सांभाळणाऱ्या आणि मेक्सिकोवर चाल करून गेलेल्या सरकारला आपण आपलं म्हणायचं नाही, हा त्यामागचा हिशेब. फुकटेपणा वेगळा आणि हे वेगळं.

आईकडे जेवायला जाण्याचा विनोद दीडशे वर्षं चाललाय. पण ती आई कोण होती हे कोणी सांगत नाही. त्यांच्या काँकर्ड गावात १८३७ साली बायकांनी गुलामगिरीविरोधी मंडळ काढलं, त्यात थोरोची आई होती, बहिणी होत्या. घरात खानावळ-वजा बिऱ्हाड. पानावर बसलेल्यांत चळवळीतली माणसं असायची. म्हणजे पोरगा जेवायला जायचा ते चळवळीच्या स्वयंपाकघरात.

आणि निर्विकार, ही तारीख तुमच्यासाठी: १ ऑगस्ट १८४६. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलाममुक्तीचा वाढदिवस त्या मंडळाने साजरा केला तो वॉल्डनला, थोरोच्या झोपडीपाशी. तुरुंगाची रात्र नुकतीच जुलैत झालेली. तुम्ही 'एकटा' एका पारड्यात टाकताय आणि 'मंडळ' दुसऱ्यात, आणि मंडळ तर एकट्याच्याच अंगणात बसलंय.

बोस्टनवासी
वॉल्डनबद्दल थोडं. आम्ही जवळच राहतो, पाहुणे आले की दाखवायला नेतोच. ज्यांच्या डोक्यात घनदाट अरण्य आहे त्यांची निराशा होते. उन्हाळ्यात पोहायला ही गर्दी, पार्किंग भरलं की फाटक बंद. झोपडीची नक्कल वाहनतळापाशीच आहे: एक पलंग, टेबल, खुर्च्या, चूल. दहा बाय पंधरा फूट. मूळ झोपडीचा खर्च त्याने साडेबारा सेंटांसकट मांडलाय, २८ डॉलर आणि वर ते सेंट. मूळ जागा तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, तिथे लोकांनी आणून टाकलेल्या दगडांची रास आहे. आणि तळ्याच्या काठाने आगगाडी जाते. ती थोरोच्या वेळीही जात होती, रूळ १८४४ पासून तिथे आहेत.

गावातल्या स्लीपी हॉलो दफनभूमीत थोरो, इमर्सन, हॉथॉर्न, अल्कॉट हे सगळे लेखक एकाच टेकाडावर. इमर्सनच्या डोक्याशी भलामोठा ओबडधोबड गारगोटीचा खडक. थोरोचा दगड वीतभर, त्यावर फक्त 'हेन्री'. लोक तिथे पेन्सिली ठेवून जातात. घरचा धंदाच पेन्सिलींचा होता ना. माझ्या मुलीने तिथली एक उचलून पाहिली आणि म्हणाली, बाबा, टोक केलेलंच नाहीये.

मुक्तछंद
धाग्याचा रोख पटला नाही. गुलामगिरी ही काय एकेकट्या माणसांनी चालवलेली गोष्ट होती? ती कायद्याने, सरकारने चालवलेली होती. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा वाचा. उत्तरेतल्या रस्त्यावरच्या कोणालाही मार्शलने (सरकारी अंमलदाराने) हाक मारली की पकडापकडीत मदत करणं बंधनकारक. पळालेल्याला आसरा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निकाल देणाऱ्या आयुक्ताची फी बघा: माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर दहा डॉलर, सोडला तर पाच! पकडलेल्याची स्वतःची साक्ष चालत नाही, ज्युरी नाही.

अशा वेळी समितीची बैठक बोलावून कोरम होईपर्यंत थांबायचं? इमर्सनने त्या वेळी रोजनिशीत लिहिलं, लिहितावाचता येणाऱ्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात हा घाणेरडा कायदा केला, देवाशपथ मी तो पाळणार नाही. 'मी' पाळणार नाही. सुरुवात तिथूनच होते. माणूस स्वतःचा मालक आहे हे मान्य केलं की गुलामगिरी बसतच नाही. व्यक्तिवाद हीच तर चळवळीची मुळं.

सातपुडा
@मुक्तछंद, मुळं असतील. पण १८६५ साली गुलामगिरी बंद करणारी संविधानाची तेरावी दुरुस्ती झाली ती यादवी युद्धानंतर, आणि ते युद्ध सरकारच्या सैन्याने लढलं. एकेकाच्या सदसद्विवेकबुद्धीने अप्पोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला नाही.

या विषयावर मला फ्रेडरिक डग्लस सगळ्यात विश्वासाचा वाटतो, कारण तो पाहुणा म्हणून यात नव्हता. १८३८ मध्ये स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला. सुरुवातीला गॅरिसनच्या गोटात. गॅरिसनचं म्हणणं, संविधानच गुलामगिरीशी करार करून बसलंय, तेव्हा मतदान नको, राजकारण नको, हात स्वच्छ ठेवा. डग्लस १८५१ च्या सुमारास यातून बाहेर पडला. संविधानाचा अर्थ आपल्या बाजूने लावू, पक्षात शिरू, मतं मिळवू. हात स्वच्छ ठेवण्याची चैन ज्याची माणसं अजून बेड्यांत आहेत त्याला परवडत नाही.

गंमत म्हणजे त्याचं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान 'स्वतःच्या बळावर घडलेली माणसं' या विषयावरचं. कित्येक वर्षं, गावोगाव दिलं. आणि त्यात सुरुवातीलाच सांगतो, खरं पाहता अशी माणसं जगात नसतातच. आधीच्यांचं आणि आजूबाजूच्यांचं काही न घेता कोणी घडत नाही. हे कोण म्हणतोय, तर चोरून अक्षरं शिकलेला माणूस!

पॉपकॉर्नबाबा
+१ सातपुडा. वाचनखूण साठवली.

अक्का_ठाणेकर
पुरुषांनो, चाकोरी मोडायला आधी घरचं कोणीतरी चाकोरीत असावं लागतं.

इमर्सन-थोरोंचा मित्र ब्रॉन्सन अल्कॉट घ्या. डोईपट्टीवरून थोरोच्या आधी, १८४३ मध्ये, यालाच पकडलं होतं. त्याच वर्षी 'फ्रूटलँड्स' नावाची वसाहत काढली. कापूस नको, गुलामांच्या श्रमाचा. लोकर नको, मेंढीची. दूध नको, बैल नको. चहा-कॉफी नको. तागाचे कपडे आणि थंड पाण्याने आंघोळ, मॅसॅच्युसेट्समध्ये! आणि राबायला कोण, तर बायको अबिगेल आणि चार मुली. पुरुष मंडळी नेमकी कापणीच्या वेळी सुधारणेवर बोलत हिंडत होती, मळा आला तो बायकापोरांच्या अंगावर. त्यातली लुईझा अल्कॉट, पुढची लेखिका, तेव्हा दहा वर्षांची, पुढे तिने या प्रकाराची चांगली खिल्ली उडवलीय. सात महिन्यांत गाशा गुंडाळला. अबिगेलने निघायचं ठरवलं तेव्हा तो गुंडाळला, हेही लिहून ठेवा.

पण म्हणून मी निर्विकारच्या बाजूला जाणार नाही. बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटनचं १८९२ चं भाषण आहे, 'एकट्या जिवाचं एकटेपण' अशा विषयाचं. तिचा मुद्दा असा: बाई कोणाची आई, कोणाची बायको हे नंतरचं. जन्म, बाळंतपण, म्हातारपण, मरण यांतून शेवटी प्रत्येक जीव एकटाच जातो. मग त्या एकट्या प्रवासाला लागणारं शिक्षण, मत, मिळकत तिच्या हातात का नाही? व्यक्तिवादाची याहून सरळ मांडणी मी वाचलेली नाही. इमर्सनला एकटं राहायची हौस होती, ही म्हणते एकटं राहणं चुकत नाही, तेव्हा शिदोरी द्या.

तिरकस
अक्का, आणि हे भाषण तिने दिलं कुठे? अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) समितीपुढे, मताधिकार संघटनेची अध्यक्ष म्हणून! एकटेपणावर बोलायलासुद्धा संघटना लागली. निर्विकार, घ्या, तुमचा गुण.

निर्विकार
घेतो. :-)

@मनवा, थोरोच्या आईचं घर मान्य. पण इमर्सनचं काय? १८४० मध्ये रिप्लीने 'ब्रुक फार्म' या सामायिक शेतवसाहतीत बोलावलं तर इमर्सनने नम्रपणे नकार कळवला, माझी सुधारणा मी घरीच करीन. बरं, जे गेले त्यांचं काही भलं झालं असं नाही. हॉथॉर्न गेला, दिवसभर शेण उपसून लिहायला हात उठेना, त्याच वर्षी परत फिरला. नवी मोठी इमारत १८४६ मध्ये जळाली आणि पुढच्या वर्षी कारभार आटोपला. तरीही निदान ते एकत्र येऊन करून बघत होते. इमर्सन व्याख्यानं देत होता.

मनवा
निर्विकार, तुम्ही इमर्सनला १८४१ मध्येच गोठवून ठेवलंय.

१८३८ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेनला जाहीर पत्र लिहिलं, चेरोकी या मूळनिवासी लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलू नका म्हणून. उपयोग शून्य. त्यांना हाकललंच, हजारो माणसं वाटेत आणि छावण्यांत मेली. आणि पत्र लिहिल्यावर इमर्सन रोजनिशीत कुरकुरतो की हे माझं काम नव्हे, दुसऱ्यांनी माझ्याकडून करून घेतलं. हा तुमचा इमर्सन.

आता १८४४. तोच १ ऑगस्टचा कार्यक्रम, काँकर्डच्या बायकांच्या मंडळाचा. पुढाकार मेरी मेरिक ब्रुक्सचा. ही बाई स्वतःच्या पाककृतीचा केक विकून चळवळीला पैसे उभे करायची. इमर्सनची बायको लिडियन याच मंडळात. या बायकांनी इमर्सनमागे लकडा लावून त्याला वक्ता म्हणून उभा केला. गावातल्या चर्चनी जागा दिली नाही, म्हणून सभा कोर्टाच्या इमारतीत. लोकांना कळवायला घंटा वाजवायची तर चर्चचा माणूस तयार नाही. तेव्हा थोरो गेला आणि त्याने स्वतः घंटेचा दोर ओढला.

आणि त्या दिवशी इमर्सन जे बोलला ते निबंधातल्या टोमण्याच्या अगदी उलट. वेस्ट इंडीजमधल्या छळाचे तपशील, साखरेच्या मळ्यांचे हिशेब, ब्रिटिश संसदेतली वर्षानुवर्षांची लढाई. म्हणजे तुमच्या भाषेत अर्ज, सह्या, अहवाल! हे सगळं वाचायला लावलं कोणी? घरच्या आणि शेजारच्या बायकांनी. लाकूडतोड्यावर आधी प्रेम कर म्हणणाऱ्याला त्याच्याच स्वयंपाकघरातून उत्तर मिळालं.

गिरगावकर
थोडं अवांतर. थोरोने लिहिलंय की मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डनचा बर्फ कापला, तेव्हाची गोष्ट. त्या काळी बोस्टनचा बर्फ जहाजाने आपल्याकडे यायचा, कलकत्त्याला पहिला १८३३ मध्ये. गीता वाचून झाल्यावर त्याला वाटतं की वॉल्डनचं पाणी गंगेच्या पाण्यात मिसळतंय. आमच्या पणज्यांच्या पन्ह्यात वॉल्डन होता की काय!

बोस्टनवासी
@गिरगावकर, मन मोडतो, माफ करा. त्याच प्रकरणात पुढे-मागे आहे: दहा हजार टनांचा तो ढीग गवताने झाकून ठेवला, जुलैत उघडून थोडा नेला, बाकीचा तिथेच उन्हात वितळत राहिला, सप्टेंबर १८४८ पर्यंत. बहुतेक पाणी तळ्यालाच परत मिळालं. तुमचं पन्हं दुसऱ्या एखाद्या तळ्याचं असणार.

जुना_सभासद
अवांतर सुरूच आहे तर महाराष्ट्राशी असलेला खरा धागा सांगतो. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची. अर्पण कोणाला? अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि स्वार्थत्यागाबद्दल. एकाचंही नाव नाही. ना गॅरिसन, ना लिंकन. लोकांना. आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज काढला. तरुणपणी वाचलेलं मात्र टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक, ज्यात प्रत्येक माणूस जन्मतःच हक्क घेऊन येतो. एकाच माणसाने दोन्ही टोकं धरलेली दिसतील.

दुसरा धागा बाबासाहेब. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६, आणि तिथे शिकवायला तत्त्वज्ञ जॉन ड्युई. ड्युईने १९३० मध्ये 'जुना आणि नवा व्यक्तिवाद' असं पुस्तक लिहिलं. मंदीचा काळ. त्याच्या दोनच वर्षं आधी हूव्हरने राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात 'कणखर व्यक्तिवाद' म्हणत अमेरिकेची पाठ थोपटली होती. ड्युईचं म्हणणं, समाजाबाहेर कुठे तयार व्यक्ती ठेवलेली नसते; ती माणसांच्या देवाणघेवाणीतच घडते, तेव्हा ती देवाणघेवाण मोकळी करा. 'जातिसंहारा'त (१९३६) आंबेडकर ड्युईंना आपले गुरू म्हणून मानाने उल्लेखतात. आणि जात काय करते, तर नेमकी ती देवाणघेवाण तोडते. जातीत राहून 'माझं मी बघतो' म्हणणारा स्वतंत्र होत नाही, फक्त कप्प्यात एकटा पडतो.

मुक्तछंद
हूव्हरच्या आणि इमर्सनच्या व्यक्तिवादाची गल्लत नको. एक बाजारात पुढे जाणाऱ्याचा, दुसरा बाजारालाही न जुमानणाऱ्याचा. थोरोच्या लेखी दिवसभर राबून घर-शेताचं कर्ज फेडणारा शेजारीही गुलामच.

सातपुडा
त्या शेजाऱ्याला विकून त्याची पोरं लुइझियानाला पाठवता येत नव्हती. हा फरक थोरोला कळत होता, म्हणून तर १८५१ मध्ये व्हर्जिनियातून पळून आलेल्या माणसाला घरात ठेवून, पैसे जमवून, कॅनडाच्या गाडीत बसवून दिलं. आताचे त्याचे भक्त मात्र ते विसरतात.

नवीन_आयडी
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मूळ प्रश्नावर येऊ का?

माँटगमेरी, अलाबामा, १९५५. बसमध्ये गोऱ्यांसाठी उठायला नकार दिला म्हणून आपल्याला रोझा पार्क्स माहीत असतात, १ डिसेंबर. 'दमलेल्या शिंपिणीचा उत्स्फूर्त बाणा' अशी गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात त्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या, वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रकं छापली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. गाड्या वाटून घेणं, चर्चमधून पैसे गोळा करणं, सगळं संघटनेचं. इथवर निर्विकार यांचा विजय.

पण २ मार्चला, म्हणजे नऊ महिने आधी, त्याच शहरात क्लॉडेट कॉल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची मुलगी अशीच उठली नाही. गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रूथबद्दल शाळेत नुकतंच शिकली होती. पोलिसांनी ओढून नेलं. पुढाऱ्यांनी तिच्यामागे चळवळ उभी करायचं टाळलं: वय लहान, स्वभाव तापट, पुढे तर दिवसही गेले. म्हणजे चाकोरी मोडणाऱ्या संघटनेचीही एक चाकोरी होती, आणि ही मुलगी त्यात बसेना.

बसमधला भेदभाव कायद्याने संपला तो मात्र बहिष्काराने नव्हे, 'ब्राउडर विरुद्ध गेल' खटल्याने, नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. त्यात साक्ष द्यायला उभी कोण राहिली? कॉल्व्हिन. आधी नको असलेली.

तिरकस
नवीन_आयडी, पहिल्याच प्रतिसादात आम्हाला झोपवलंत. हा डुप्लिकेट आयडी नाही ना?

निर्विकार
@नवीन_आयडी, उदाहरण जबरदस्त. पण माझं म्हणणं हलत नाही. खटला लढवला वकिलांनी आणि संघटनेने. कॉल्व्हिन एकटी असती तर तिची केस बाल न्यायालयाच्या कागदांतच राहिली असती.

मनवा
आणि ती उठून उभी राहिली असती तर वकिलांनी लढवलं काय असतं?

निर्विकार
दुसरं कोणीतरी सापडलं असतं.

नवीन_आयडी
सापडल्याच होत्या, आणखी तिघी: ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनल्ड, मेरी लुईझ स्मिथ. चौघींनाही पार्क्स यांच्या प्रकरणापूर्वीच बसमध्ये त्रास झाला होता. शेवटपर्यंत टिकलेल्या वादींत पुरुष एकही नाही. पुरुष का नाहीत, यावर अक्कांनी वेगळा धागा काढावा ही विनंती.

अक्का_ठाणेकर
काढते. आधी कुकर उतरवू दे.